एम्लिन विल्यम्स : शिक्षिकेनें घडविलेला नट

नटाचें चरित्र सांगावयाचें म्हणजे त्याच्या गाजलेल्या भूमिकांची आणि त्याला मिळालेल्या मानसन्मानांची यादी वाचावयाची, असा एक प्रघात पडून गेला आहे. एम्लिन विल्यम्स या वेल्श नटाची अशी यादी सहज देतां येईल. पण तेवढ्यानें त्याची ओळख होणार नाहीं. हा मनुष्य नट होता, नाटककार होता, चित्रपटांत त्यानें कामें केलीं आणि एक चित्रपट स्वतः लिहून दिग्दर्शितहि केला. ज्या इंग्रजी भाषेच्या बळावर त्यानें हें सर्व केलें, ती भाषा मात्र वयाच्या आठव्या वर्षापर्यंत त्याला बोलतां येत नव्हती. ती त्याला कोणीं दिली आणि त्या देण्याची त्यानें फेड कशी केली, हें आज मला सांगावयाचें आहे.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेश. तेथील वेल्श भाषा ही इंग्रजीची एखादी बोली नव्हे. तिचें कूळ निराळें, व्याकरण निराळें आणि काव्यपरंपरा फार जुनी. एकोणिसाव्या शतकांत तेथील कित्येक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यांत लाकडाची एक फळी अडकवीत. दुसरा कोणी वेल्श बोलतांना सांपडला कीं ती त्याच्या गळ्यांत जाई, आणि शाळा सुटतांना जो शेवटचा धनी असे त्याच्या पाठीवर छडी बसे. विल्यम्सच्या बालपणीं ही चाल मोडली होती. तरी मोठें व्हावयाचें तर इंग्रजी आलेंच पाहिजे, ही जाणीव घरोघर होती.

अशा प्रदेशांत, फ्लिंटशायर परगण्यांतील मॉस्टिन गांवाजवळ, २६ नोव्हेंबर १९०५ रोजीं त्याचा जन्म झाला. वडील कांहीं काळ एक लहानसें मद्यगृह चालवीत. पुढें ते पोलादाच्या कारखान्यांत कामाला लागले. शिष्यवृत्ति मिळवून एम्लिन हॉलीवेल येथील माध्यमिक शाळेंत दाखल झाला, आणि तेथें त्याला सारा ग्रेस कुक या शिक्षिका भेटल्या.

कुकबाईंनीं त्याला फ्रेंच शिकविलें, त्याच्या इंग्रजीला वळण लावलें, फ्रेंच पक्की व्हावी म्हणून कांहीं महिने फ्रान्समध्यें राहण्याची सोय केली आणि अखेर ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसविलें. १९२३ सालीं ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजची शिष्यवृत्ति त्याला मिळाली. मी स्वतः शाळामास्तर; तीस वर्षें फळ्यापुढें उभा राहिलों. हुशार मुलगा ओळखणें ही मोठीशी गोष्ट नव्हे. तो वर्गांत आपण होऊन दिसतो. कठीण आहे तें वर्षानुवर्षें त्याच्यामागें लागून राहणें, शाळा सुटल्यावर त्याच्यासाठीं थांबणें, आणि जें पोर चार पैसे घरीं आणूं शकेल तें आणखी चार वर्षें पुस्तकांपाशीं टिकविणें.

ऑक्सफर्डला गेल्यावर अभ्यासापेक्षां रंगभूमीनें त्याला अधिक ओढलें. १९२६ सालीं मनावरील ताणानें त्याची प्रकृति ढासळली आणि त्याला घरीं परतावें लागलें. त्या वेळींहि कुकबाईच धांवून आल्या. मन लेखनांत गुंतव, असा सल्ला त्यांनीं दिला. त्यांतून निघालेलें ‘फुल मून’ हें नाटक १९२७ सालीं ऑक्सफर्ड येथें रंगभूमीवर आलें. त्याच वर्षीं जे. बी. फेगन यांच्या ‘अँड सो टु बेड’ या नाटकांत लहानशी भूमिका करून विल्यम्स लंडनचा धंदेवाईक नट झाला, आणि वर्ष संपण्यापूर्वीं त्याच नाटकाबरोबर न्यूयॉर्कलाहि पोंचला.

पुढील आठ वर्षें उमेदवारींत गेलीं. १९३५ सालीं ‘नाइट मस्ट फॉल’ या स्वतःच्याच नाटकांत त्यानें डॅनीची भूमिका केली आणि लंडनमध्यें त्याचें नांव झालें. डॅनी हा हॉटेलांतील एक पोऱ्या; एका किरकिऱ्या श्रीमंत म्हातारीच्या घरांत तो शिरतो आणि गोड बोलून तिला जिंकतो. हा खुनी आहे हें प्रेक्षकाला लवकरच उमगतें. म्हातारीला मात्र शेवटपर्यंत उमगत नाहीं. खुनी कोण हें लपवून ठेवणारीं नाटकें पुष्कळ आहेत. येथें तें ठाऊक असूनहि प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. विल्यम्सनें डॅनीला राक्षस केलें नाहीं. हंसरा, लाघवी, कौतुकाला हपापलेला असा पोरगा त्यानें उभा केला, आणि त्या हंसण्याचीच भीति वाटूं लागली. १९३७ सालीं या नाटकावर अमेरिकेंत चित्रपट निघाला; त्यांत डॅनीचें काम रॉबर्ट माँटगोमेरी या नटानें केलें.

परंतु त्याचें नांव टिकविणारें नाटक म्हणजे ‘द कॉर्न इज ग्रीन’. सप्टेंबर १९३८ मध्यें तें लंडनच्या डचेस थिएटरांत आलें. मिस मॉफट नांवाची एक इंग्रज बाई वेल्समधील खाणीच्या गांवीं राहावयास येते आणि खाणींत राबणाऱ्या मुलांसाठीं शाळा काढते. मॉर्गन इव्हान्स या दांडगट पोराचा मोडकातोडका निबंध तिच्या हातीं पडतो. त्यांतील तेज पाहून ती त्याला ऑक्सफर्डसाठीं तयार करते. मिस मॉफट म्हणजे कुकबाईच, हें लपलेलें नव्हतें. बाईंचें काम सिबिल थॉर्नडाइक यांनीं केलें आणि विद्यार्थ्याचें स्वतः विल्यम्सनें. वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं तो लंडनच्या रंगमंचावर पुन्हां शाळकरी पोर झाला, आणि त्याच रंगमंचावर त्याच्या मातृभाषेंतील संवाद व गाणीं इंग्रज प्रेक्षकांनीं ऐकलीं. बाई तेव्हां हयात होत्या.

हें नाटक म्हणजे केवळ गुरुस्तुति असती तर आज तें कोणी पाहिलें नसतें. मधल्या अंकांत मॉर्गन बंड करून उठतो. तुम्हांला माझें डोकें हवें आहे, मी नको आहें, अशी त्याची तक्रार असते, आणि ती खोटी नसते. मिस मॉफट त्याच्या बुद्धीकडे पाहते. त्याचें तारुण्य, त्याचा एकटेपणा, गांवांतील सोबत्यांनीं केलेली त्याची थट्टा तिला दिसत नाहीं. याचें फळ तिला भोगावें लागतें. मॉर्गनला एका मुलीपासून मूल होतें. त्यानें ऑक्सफर्डची संधि सोडूं नये म्हणून शेवटीं त्या मुलाचा सांभाळ मिस मॉफट स्वतःकडे घेते. ज्या शिष्यानें गुरूचें ऋण इतकें मानलें, त्यानें गुरूचा दोषहि इतक्या स्वच्छपणें दाखवावा, हें मला फार मोलाचें वाटतें. हुशार मुलाकडून परीक्षेंतील यश घेतांना आपण त्याला आणखी काय विचारलें, हा प्रश्न हें नाटक प्रत्येक शिक्षकापुढें आणि प्रत्येक आईबापापुढें ठेवतें.

चित्रपटांत विल्यम्सनें अनेक कामें केलीं. ‘द सिटाडेल’ आणि ‘द स्टार्स लुक डाऊन’ हीं त्यांपैकीं दोन. परंतु त्याचें मन दिसतें तें १९४९ सालच्या ‘द लास्ट डेज ऑफ डॉल्विन’ या चित्रपटांत. लेखन आणि दिग्दर्शन दोन्हीं त्याचींच होतीं. इंग्लंडमधील शहरांना पाणी मिळावें म्हणून वेल्समधील एक खेडें बुडविलें जातें, अशी ती कथा. गांव सोडून गेलेला आणि गांवाचा सौदा करावयास परत आलेला जो मनुष्य, त्याची भूमिका विल्यम्सनें दुसऱ्या कोणाला दिली नाहीं. ती स्वतः केली. शिकून दूर गेलेल्या मुलाच्या मनांत गांवाविषयीं जें कांहीं सलत असतें, तें त्यानें असें बोलून दाखविलें, असें मी समजतों.

याच चित्रपटांत रिचर्ड बर्टन हा तरुण प्रथम पडद्यावर आला. विल्यम्सची आणि त्याची गांठ १९४३ मध्येंच पडली होती. ‘द ड्रुइड्स रेस्ट’ या नाटकासाठीं वेल्श तरुण हवे, अशी जाहिरात विल्यम्सनें दिली, तेव्हां दक्षिण वेल्समधील एका खाणकामगाराचा हा मुलगा त्याच्यापुढें आला. त्याला घेऊन आले होते त्याचे शिक्षक फिलिप बर्टन. मुलाचें मूळचें आडनांव जेन्किन्स. शिक्षकानें त्याला आपल्याजवळ ठेवून घेतलें, त्याचें पालकत्व पत्करलें आणि आपलें नांव दिलें. एका शिक्षिकेनें घडविलेल्या नटानें दुसऱ्या शिक्षकाच्या शिष्याला रंगभूमीचें दार उघडून दिलें. ऋण फेडण्याचा हा मार्ग पहिल्यापेक्षां उणा नव्हे.

१९५१ पासून विल्यम्सनें एक नवा उपक्रम हातीं घेतला. चार्ल्स डिकन्स आपल्या कादंबऱ्यांतील प्रवेशांचें जाहीर वाचन करीत असे. विल्यम्सनें डिकन्सचीच दाढी व पोशाख धारण केला, डिकन्सच्या मेजासारखें मेज करविलें आणि एकट्यानें सबंध संध्याकाळ रंगविली. पुढ्यांत पुस्तक असे, पण मजकूर सारा तोंडपाठ. म्हातारे, पोरें, ढोंगी, गरीब, सर्व एका कंठांतून निघत. ज्याला आपण एकपात्री प्रयोग म्हणतों त्याचा तो श्रेष्ठ नमुना. उत्तर आयुष्यांत तो त्यानें देशोदेशीं केला. जी भाषा शाळेंत घोकून शिकावी लागली, तिच्या एका थोर कादंबरीकाराचा आवाज होण्याचा मान त्यानें मिळविला.

२५ सप्टेंबर १९८७ रोजीं विल्यम्स लंडन येथें निवर्तला. त्याच्या मिस मॉफटची भूमिका पुढें न्यूयॉर्कला एथेल बॅरीमोर यांनीं केली, १९४५ च्या चित्रपटांत बेट्टी डेव्हिस यांनीं आणि १९७९ मध्यें टेलिव्हिजनवर कॅथरिन हेपबर्न यांनीं. कुकबाईंचें नांव फारसें कोणाला ठाऊक नसेल. पण त्यांची भूमिका करावयास एवढ्या मोठ्या नटी पुढें आल्या.

माझी वेळ संपत आली. आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी एखाद्या शिक्षकाचें नांव जेवतांना पुन्हां पुन्हां घेऊं लागली, तर त्या शिक्षकाला एकदां जाऊन भेटा, आणि मुलाच्या गुणांबरोबर त्याच्या मनाचीहि चार गोष्टी बोला, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.