गाडीला ताप येतो तेव्हा

मुलांनो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं ऊन कसं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. अशाच उन्हातली, ३० एप्रिल २०२२ ची ही गोष्ट. त्या दिवशी नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा होती. माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलीला पुसदच्या केंद्रावर जायचं होतं. नेमकी सकाळची एसटी चुकली. मग मी, ती आणि तिचे बाबा, असे तिघं माझ्या मोटारसायकलवर निघालो. दुचाकीवर तिघांनी बसणं ही चूकच, बरं का! तिची शिक्षा पहिल्याच चढावर मिळाली.

गाडी दम टाकू लागली. कितीही पिळली तरी वेग वाढेना. इंजिनातून टकटक आवाज आला, तेल करपल्यासारखा वास सुटला आणि गाडी बंद! साडेअकराचा पेपर, आणि साडेनऊ वाजून गेलेले. मी घाईघाईनं पाण्याची बाटली उघडली. इंजिनावर ओतणार, तोच ती म्हणाली, "सर, थांबा! तापल्या तव्यावर पाणी टाकलं की कसं चर्र होतं! काही तडकलं तर?"

अगदी खरं होतं तिचं. तापलेला धातू प्रसरण पावलेला असतो. एका जागी गार पाणी पडलं की तेवढाच भाग एकदम आकसतो. मग धातू वाकू शकतो, त्याला तडाही जाऊ शकतो. शिक्षक मी, पण धडा तिनं शिकवला!

तेवढ्यात दुधाची गाडी आली. बापलेक तिच्यातून पुढे गेले आणि मी झाडाखाली इंजिन निवण्याची वाट बघत बसलो.

इंजिन इतकं तापतं कशानं? आत पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगीनं पेटतं. क्षणभर तिथलं तापमान २००० अंशांच्या वर जातं. आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, असतो ॲल्युमिनियमचा; आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळतं! तरी तो टिकतो, कारण उष्णता सतत बाहेर नेली जाते. पेट्रोलमधून मिळालेल्या उष्णतेचा साधारण पाव भागच गाडी पळवायला कामी येतो. बाकीची धूर, वारा आणि तेल यांच्यावाटे बाहेर जाते.

गरम चहा आपण बशीत का ओततो? पसरला की लवकर निवतो म्हणून. इंजिनावर ओळीनं पातळ पाती असतात ना, ती म्हणजे इंजिनाची बशीच! त्यांच्यामुळे वाऱ्याला जास्त जागा मिळते. जुन्या चेतक स्कूटरचं इंजिन झाकणाआड असायचं, म्हणून त्याला वारा घालायला पंखाच बसवलेला होता.

माझ्या गाडीच्या पात्यांमध्ये मात्र आपली काळी माती भरून वाळली होती. भर उन्हाळ्यात गोधडी पांघरल्यासारखंच झालं की! अर्ध्या तासानं तेलाची काडी काढून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली! तेल घासण कमी करतं आणि उष्णताही वाहून नेतं. ते बदलायचा मी आळस केला होता. माती, कमी तेल, तिघांचं ओझं, चढ आणि ऊन, सगळं एकदम जमलं. कडुनिंबाच्या काडीनं माती कोरून काढली, गाडी ढकलत पुढच्या गावात नेली आणि तेल भरलं.

घरची गाडी अशी तापली तर मोठ्यांना एवढं सांगा :

१. सावलीत थांबा, इंजिन बंद करा आणि अर्धा तास तरी निवू द्या.

२. इंजिनाला, सायलेन्सरला हात लावू नका. पाणी ओतू नका.

३. गाडी निवल्यावर, सपाट जागी उभी करून तेल बघा.

४. पात्यांमधली माती काढा. ब्रेक घासत नाही ना, चेन फार ताणलेली नाही ना, तेही पाहा.

५. काही गाड्यांत इंजिन थंड ठेवायला पाणी खेळवलेलं असतं. त्याचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नका. उकळतं पाणी उसळून अंगावर येतं.

एवढं करूनही गाडी पुन्हा तापली, तर सरळ मिस्त्रीकडे न्या.

आणि ती मुलगी? वेळेत पोचली. निवडयादीत तिचं नाव आलं नाही. दोन दिवस ती रुसून होती. पण पावसाळ्यात तिच्या घरी गेलो, तेव्हा अंगणात बाबांची गाडी उभी होती आणि ती काडीनं पात्यांमधला चिखल काढत होती. मला पाहून हसली आणि म्हणाली, "सर, तुमची काढली का?"

मी गुपचूप काडी शोधायला लागलो!