नियम १२

१९३७ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात ‘राष्ट्रपती’ नावाचा लेख छापून आला. लेखक कुणी ‘चाणक्य’. राष्ट्रपती म्हणजे तेव्हा काँग्रेसचा अध्यक्ष, आणि लेख होता जवाहरलाल नेहरूंवर. आदल्याच डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला, खेड्यात भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते.

चाणक्याने नेहरूंना फार जवळून न्याहाळलेलं दिसतं. गर्दीतून जाताना ते गाडीच्या सीटवर उभे राहतात, तोल सांभाळत नमस्कार करतात, हसतात; गर्दी मागे पडली की हसू मावळतं आणि चेहरा कठोर होतो. हे मनापासूनचं की सराईत पुढाऱ्याचं कसब, असा चाणक्याचा सवाल. लोकप्रियता, जिद्द, अहंकार, दुसऱ्याचं ऐकून न घेण्याची वृत्ती, हुकूमशहाला लागतं ते बरंचसं या माणसात आहे. तेव्हा त्याला पुन्हा अध्यक्ष करू नका, असा त्याचा सल्ला.

हा चाणक्य म्हणजे खुद्द नेहरूच, हे नंतर उघड झालं. याला आत्मपरीक्षण म्हणावं की मिरवणं? मला दोन्ही वाटतं. आपल्यात सीझर दडलाय, असं लिहिण्यातही थोडा थाट असतोच.

निवडून आलेल्या माणसाला मनातून निरंकुश सत्ता हवी असते का, या प्रश्नाची खरी अडचण इथे आहे. एवढी प्रामाणिक झडती घेऊनही नेहरूंना स्वतःच्या मनाचा ठाव लागला असेल, याची खात्री देता येत नाही. बाकीचे पुढारी तर झडतीच्या वाटेलाच जात नाहीत. आपल्याला सत्तेची हाव आहे, असं त्यांना कधी वाटत नाही. लोकांनी आपल्याला कामासाठी निवडून दिलंय आणि हे कोर्टवाले, पेपरवाले, विरोधक ते करू देत नाहीत, एवढंच वाटतं. ही तक्रार कधीकधी खरीही असते, म्हणून तर ती लोकांना पटते.

मन वाचता येत नाही. कागद मात्र वाचता येतो. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधींची लोकसभेवरची निवड रद्द केली. २५ जूनच्या रात्री त्यांनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना आणीबाणीसाठी पत्र पाठवलं. त्यात एक कोरडं, कारकुनी वाक्य आहे. त्याचा आशय असा, की रात्री मंत्रिमंडळ बोलावणं शक्य नाही, म्हणून सरकारी कामकाजाच्या नियमावलीतल्या नियम १२ नुसार मंत्रिमंडळाची पायरी वगळायला मी परवानगी देत आहे. नियम वाकवायची परवानगी पंतप्रधानांनी पंतप्रधानांनाच दिली. राष्ट्रपतींची सही त्याच रात्री झाली. मंत्र्यांना कळलं सकाळी सहाच्या बैठकीत. दिल्लीतल्या बऱ्याच वर्तमानपत्रांची वीज तोवर तोडलेली होती. ऑगस्टात ३९ वी घटनादुरुस्ती आली आणि पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेली.

एवढं पाहून हेतू स्पष्टच आहे, असं म्हणावंसं वाटतं. पण जानेवारी १९७७ मध्ये याच बाईंनी आपणहून निवडणुका जाहीर केल्या, हरल्या आणि पायउतार झाल्या. जिंकण्याची खात्री होती, परदेशातली टीका झोंबली होती, की नेहरूंची लेक जागी झाली? चरित्रकार अजून वाद घालतात. घालोत बापडे. तुरुंगात दीड-दोन वर्षं काढलेल्यांना त्या उत्तराने फारसा फरक पडत नाही.

त्यांच्यानंतर आलेल्या जनता सरकारने हेतूचा नाद सोडून कागद दुरुस्त केला, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल कारण जाऊन ‘सशस्त्र बंड’ आलं, आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी पुकारता येईनाशी झाली. पुढचा पंतप्रधान सज्जन असेल, असं त्यात कुठेही गृहीत धरलेलं नाही.

नियम १२ मात्र जागच्या जागी राहिला. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली, तीही मंत्रिमंडळाची बैठक न होता, याच नियमाने. ते प्रकरण आणीबाणीच्या जातीचं नव्हतं, इथे राजवट लागत नव्हती, उठत होती. मंत्रिमंडळाची मंजुरी मात्र याही वेळी मागाहूनच आली.