चाव्या मिळाल्या, पॅसेज गेला

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून थेट ५०० चौरस फुटांत. फोटो छापून येताच ‘चाळ संस्कृती संपली’ असा गळा काढला गेला. तो काढणाऱ्यांपैकी किती जण सकाळी सामाईक संडासाच्या रांगेत उभे राहिले होते, देव जाणे.

शिवाय या हळहळीतली चाळच वेगळी. डोळ्यांसमोर असते ती गिरगावची लाकडी कठड्याची गॅलरी. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, १९२० च्या दशकात बांधलेल्या चाळीत मात्र मधोमध अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. फारशी डागडुजी करावी लागली नसेल.

आत जागा नाही म्हटल्यावर माणसं बाहेर येणारच. दोन चाळींमधली मोकळी जागा, नाका, व्यायामशाळा, जांबोरी मैदान: कबड्डी, गणपती, भीमजयंती, संपाच्या सभा सगळं तिथेच. मीना मेनन आणि वास्तुविशारद नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांना बोलतं करून त्यांचा मौखिक इतिहास पुस्तकात नोंदवला. तो वाचल्यावर पटतं, की गिरणीइतकाच चाळीने, नाक्याने, खाणावळीने गिरणी कामगार घडवला. पुनर्विकासाचे आराखडे करणाऱ्यांना हे पुस्तक सक्तीचं करायला हवं.

पण मैदान सगळ्यांना एकाच गोष्टीची आठवण करून देत नाही. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेवरून याच परिसरात दंगल पेटली. कुठली चाळ बौद्धांची, कुठली मराठ्यांची, हे तेव्हा पोराटोरांनाही ठाऊक होतं. टॉवरमध्ये शेजार बदलून या रेघा पुसट झाल्या, तर मला तरी त्याचं दुःख नाही.

काळजी आहे तळमजल्याची. टॉवर उभा राहिला की खाली गाड्या येतात, मग सुरक्षारक्षक, मग ‘येथे बसू नये’ची पाटी. चाळीत बाहेर बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती. नव्या सोसायटीच्या सभेत पहिला विषय मेंटेनन्सचा असेल, ते रास्तच. दुसरा मांडवाच्या आणि बसायच्या जागेचा घ्यावा, आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा. तोंडी कबुलीवर पार्किंग केव्हा चढेल, सांगता येत नाही.