'असुरक्षित'चे 'सुरक्षित' होते तेव्हा...

अग्निशमन जवानाने जुन्या अ‍ॅनालॉग वायरलेसवरून 'असुरक्षित आहे' असे कळविले आणि डिजिटल ट्रंक यंत्रणेवरील सहकाऱ्याला 'सुरक्षित आहे' एवढेच ऐकू आले, तर? दोन यंत्रणा जोडल्यावर संदेशाचा आरंभ तुटणे ही नेहमीची तक्रार आहे. दोष बहुधा संचाचा नसतो, वेळेचा असतो.

अ‍ॅनालॉग संचावर बटण दाबताच बोलता येते. ट्रंक यंत्रणेत मात्र आधी नियंत्रण वाहिनीकडे मोकळी वाहिनी मागावी लागते. 'टेट्रा' प्रणालीत त्यास साधारणतः ३०० मिलिसेकंद लागतात. गर्दी असल्यास अधिक. तेवढ्यात पहिले अक्षर निसटते. जोडणी 'व्हॉक्स'वर, म्हणजे आवाज ऐकून सुरू होणाऱ्या स्विचवर असेल, तर बटण दाबून क्षणभर थांबण्याची युक्तीही फोल ठरते. बोलल्याखेरीज तो स्विच जागाच होत नाही!

म्हणूनच तंत्रज्ञाने प्रथम 'व्हॉक्स' काढून, लहरी येताच मिळणाऱ्या स्क्वेल्चच्या संकेतावर जोडणी चालवावी. त्यानंतर, वाहिनी मिळेपर्यंत आवाज रोखून धरणारा विलंब योजावा. संदेश अर्धा सेकंद उशिरा पोहोचला तरी चालते. शेवटचे शब्द तुटत असल्यास बोलणे संपल्यावर वाहिनी धरून ठेवण्याचा अवधी वाढवावा. आवाज तुटण्याऐवजी फाटत असेल, तर मात्र ध्वनिपातळीच कमी करावी लागते.