पहिली फटफटी : हलकी, जुनी आणि घरची

मोटारसायकलीला फटफटी म्हणणारी माणसे कोकणात अजूनही भेटतात. कानाने ठेवलेले ते नाव आहे आणि अजून त्याला गंज चढलेला नाही. गंज फटफटीला चढतो, तोही समुद्राकाठी लौकर. पण ते पुढे येईलच.

कोकण रेल्वे १९९८ साली सबंध सुरू झाली आणि मुंबईची बिऱ्हाडे मे महिन्यात एका रात्रीत कणकवली, कुडाळ, सावंतवाडीला उतरू लागली. सामान मालवणच्या घरी पोचते, आंबे उतरवून होतात, दोन दिवस समुद्रावर जाणे होते, आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी घरातले अठरा-एकोणीस वर्षांचे चिरंजीव किंवा कन्यारत्न विषय काढते, "मला इथे गाडी शिकायची आहे." मुंबईत शिकणार कुठे? तिथे पाय टेकायलाही जागा नाही. इथे मोकळे मैदान आहे, निवांत रस्ते आहेत आणि शिकवायला काका आहेत. इथवर सर्वांचे एकमत असते. भांडण पुढे सुरू होते : शिकायचे कोणत्या गाडीवर?

चिरंजिवांच्या डोळ्यांसमोर दीडशे-एकशेसाठ सी.सी.ची, माशासारख्या निमुळत्या टाकीची नवी गाडी असते. वडिलांचा विचार असा की, घ्यायचीच तर एकदाच चांगली घ्यावी, त्याच गाडीवर तो शिकेल. आई म्हणते, स्कूटर घ्या, मलाही चालवता येईल. आणि पडवीत, गोणपाट पांघरून, काकांची वीस वर्षांपूर्वीची शंभर सी.सी.ची गाडी हे सारे मुकाट्याने ऐकत उभी असते. आमचे मत विचाराल तर पडवीतल्या गाडीच्या बाजूचे आहे, आणि त्याला कारणे आहेत.

ही हलकी गाडी आपल्याकडे फार जुनी नाही. मद्रासला १९५५ साली बुलेट तयार होऊ लागली, म्हैसूरला १९६१ मध्ये जावा, आणि त्याच सुमारास राजदूत आली. या साऱ्या दणकट, पण भारी. जुन्या बुलेटचा गिअर तर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या. आज तिच्यावर शिकलेला माणूस उद्या दुसऱ्या गाडीवर बसला की ब्रेक दाबायला जाऊन गिअर बदलायचा! मध्यमवर्गीय घरात पहिले इंजिन शिरले ते बहुधा लुनाच्या रूपाने. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली ती काढली, पन्नास सी.सी., पायंडल मारून सुरू होणारी, म्हणजे सायकलचीच थोरली बहीण. कितीतरी शिक्षिका आणि नोकरदार स्त्रिया पहिल्यांदा स्वतःच्या वाहनावर बसल्या त्या लुनावर. मग १९८५ मध्ये हिरो होंडाची शंभर सी.सी.ची सी.डी. आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि खेड्यापाड्यांतली अंतरे आटली.

आता वजनाचा हिशेब पाहा. या शंभर सी.सी.च्या गाड्या साधारण ११० किलोच्या आसपास असतात; स्प्लेंडर ११२ किलो, होंडाने २०२३ साली आणलेली शंभर सी.सी.ची शाइन तर ९९ किलो. साडेतीनशे सी.सी.ची बुलेट मात्र १९५ किलो. धावताना हा फरक फारसा कळत नाही. तो कळतो थांबताना, वळवताना आणि पडताना. नवशिक्याची गाडी भरवेगात क्वचित पडते. ती पडते चालण्याच्या वेगात, यू वळण घेताना, क्लच चटकन सुटला म्हणून किंवा ब्रेक घाईने दाबला म्हणून. त्या क्षणी ती एका पायावर तोलायची असते. ११० किलो तोलता येतात. १९५ किलो कलू लागले की पाय काढून घेणे हेच शहाणपण. शिवाय पडलेली गाडी एकट्याने उचलता आली पाहिजे. ती हँडल धरून ओढू नये. गाडीकडे पाठ करावी, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने सीटखालची दांडी धरावी आणि गुडघ्यांच्या जोराने, पाठ सरळ ठेवून, मागे-मागे पावले टाकत ती उभी करावी. हा धडा इंजिन सुरू करण्यापूर्वीच द्यावा, असे आम्हाला वाटते. पडायची भीती त्याने निम्मी होते.

दुसरी गोष्ट उंचीची. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला लागले पाहिजेत, निदान चवडे तरी घट्ट. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटरवर असते. बेताच्या उंचीच्या मुलीलाही ती जमते. दुकानात विक्रेता "सवय होईल" म्हणेल. सवय होते खरी, परंतु ती होईपर्यंतचे दिवस कोणी काढायचे?

मात्र नुसत्या सी.सी.च्या आकड्यावर जाऊ नका. यामाहाची आर.एक्स. १०० हीही शंभरच सी.सी.ची आणि हलकीच. पण तिचे टू-स्ट्रोक इंजिन अकरा अश्वशक्तीचे, आणि ती शक्ती एकदम, मनगट वळताच, हाती येणारी. १९९६ साली ती बंद झाली, तरी कोणाच्या तरी मामाने ती अजून जिवापाड जपलेली असते आणि भाच्याला तीच हवी असते. जाणत्याच्या हाती ती फूल आहे, शिकणाऱ्याला नको. साध्या फोर-स्ट्रोक शंभराच्या गाडीची सुमारे आठ अश्वशक्ती सावकाश येते आणि चुकीला माफ करते. क्लच जरा अधिक सुटला तर ती उडी मारत नाही, फक्त बंद पडते. शिकाऊ गाडीने बंद पडावे, हा तिचा गुणच समजा.

स्कूटरचे काय? आईच्या बोलण्यात तथ्य आहे. बाजारहाट, मुलांची शाळा, एवढेच करायचे तर स्कूटर उत्तम. पण तिची चाके दहा-बारा इंची, मोटारसायकलची सतरा-अठरा. पावसाने खाल्लेल्या रस्त्यावर हा फरक कंबर सांगते. उतारावर मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच धरून ठेवते, तसा आधार स्कूटरला फार थोडा. आणि परवान्याची परीक्षा ज्या प्रकारच्या गाडीवर द्याल, परवाना त्याच प्रकारचा मिळतो. बिनगिअरच्या परवान्यावर गिअरची गाडी चालवता येत नाही.

तर आता पडवीतल्या गाडीकडे वळू. गणपतीनंतर घर बंद होते आणि मे महिन्यात उघडते, तोवर ही बिचारी खाऱ्या हवेत उभी. गोणपाट काढले की लगेच किक मारू नका. टाकीचे झाकण उघडून विजेरीने आत पाहा. तांबडे दिसले तर टाकी गंजली आहे आणि तो गंज कार्बुरेटरमध्ये जाऊन बसणार. जुने पेट्रोल काढून टाका. एअर फिल्टरची डबी उघडा. तिथे उंदराने सुखाने संसार मांडलेला आढळणे अगदी शक्य आहे. बॅटरी मेलेली असेल, पण जुन्या शंभराच्या गाडीला किक असते आणि तिच्यावर काम भागते. नंतर चाकांच्या तारा एकेक करून बोटाने छेडा, ढिली तार वेगळी वाजते. सायलेन्सर खालच्या बाजूने चाचपा, समुद्राकाठी तो तिथूनच कुजतो. साखळी मधोमध वर-खाली करून दोन-तीन सेंटिमीटर हालली तर ठीक. मागच्या चक्राचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर साखळी आणि चक्र दोन्ही बदला. टायरवरची नक्षी पुरेशी खोल दिसत असली तरी रबराच्या बाजूंना चिरा आहेत का पाहा, कारण उभ्या गाडीचे टायर न झिजताच म्हातारे होतात. शेवटी क्लचची आणि ब्रेकची तार. कडक तारेवर शिकणारा माणूस क्लच हळू सोडूच शकत नाही, आणि मग घरचे म्हणतात, याला जमत नाही! नवी तार बाजारात अगदी स्वस्त मिळते. मेस्तरीकडे एक सकाळ घालवली की ही सारी कामे होतात.

एक गोष्ट काकांना आठवणीने विचारा : या गाडीचे गिअर कसे पडतात? अनेक शंभराच्या गाड्यांत चारही गिअर पंजाने पुढे दाबून पडतात. इतर पुष्कळ गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. एका पद्धतीवर शिकून दुसऱ्या गाडीवर बसताना पहिली पाच मिनिटे जपून.

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे ती नव्याने करावी लागते. पडवीतल्या गाडीची ती संपलेली असण्याचा संभव मोठा. विमा आणि धुराचा दाखला चालू हवा. गिअरच्या गाडीला वय अठरा पूर्ण पाहिजे. सोळाव्या वर्षी कायदा फक्त पन्नास सी.सी.पर्यंतची गाडी देतो, आणि तशी गाडी आता बाजारात शोधूनच काढावी लागेल. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, पक्क्या परवान्याची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. जिल्ह्याचे परिवहन कार्यालय ओरोसला आहे. शिकाऊ माणसाच्या गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर तांबडा 'एल' लावायचा, आणि मागे बसायचे ते फक्त परवानाधारक शिकवणाऱ्याने. मित्राने नव्हे, आतेबहिणीने नव्हे. "गावात कोण विचारतो?" असे म्हणून सोळा वर्षांच्या नातवाच्या हाती किल्ली देणाऱ्या आजोबांसाठी एवढेच सांगतो : २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते.

शिकायचे कुठे? समुद्रकिनाऱ्यावर मुळीच नाही. ओल्या वाळूवर गाडी छान धावते, हे सिनेमात. प्रत्यक्षात मीठ आणि वाळू साखळी, बेअरिंगे खाऊन टाकतात. आणि वायंगणी, तांबळडेग यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूखाली असतात, तिथे चाक नेणे हे पापच. सुटीतले शाळेचे पटांगण किंवा देवळासमोरचे मैदान, परवानगी घेऊन, सर्वांत उत्तम. गावाबाहेरचा जांभ्याचा सडाही चालेल, परंतु त्यावरच्या बारीक खड्यांवर पुढचा ब्रेक जोराने दाबला की चाक सरकते. डांबरी, कोरड्या रस्त्यावर मात्र पुढचाच ब्रेक अधिक काम करतो, कारण थांबताना सारा भार पुढे येतो. शिकणाऱ्याने दोन्ही ब्रेक एकत्र, पिळल्यासारखे, दाबायची सवय लावावी. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांत ब्रेक जोडलेले असतात, म्हणजे एक दाबला की दुसराही थोडा लागतो. नवी शंभराची गाडी घेणाऱ्याला हा फायदा आहे, हे पडवीचा पक्ष घेऊनही कबूल केले पाहिजे.

आमच्या परिचयाच्या एका घरात मुंबईचा पुतण्या पहिल्याच दिवशी फुरंगटला होता.

"काका, ही जुनी गाडी नको हो. मित्र हसतील."

"हसतले तर हसांदेत," काका शांतपणे दोन नारळ जमिनीवर ठेवीत म्हणाले. "तू आदी ह्या नारळांभोवती आठ काढून दाखय. पाय टेकूक नाय. मगे नव्या गाडयेचा बघूया."

आठ दिवस लागले. तो आठच परीक्षेत काढावा लागतो, हे काकांनी त्याला नंतर सांगितले. आणि आठ काढताना मान खाली घालून पुढच्या चाकाकडे पाहिले की पाय टेकतोच, नजर पुढच्या वळणावर ठेवली की गाडी आपोआप तिकडे जाते, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. ते नारळांनी शिकवले.

मैदानानंतर चढाव. कोकणात सपाट रस्ता म्हणजे दोन घाट्यांमधली विश्रांती! चढावर थांबून पुन्हा निघणे हे इथले खरे शिक्षण : डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर, क्लच हळूहळू सोडत इंजिनचा आवाज किंचित दबेपर्यंत यायचे, आणि मग ब्रेक सोडायचा. गाडी एक वीतही मागे जाता कामा नये. उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गिअर काढून घरंगळत येणारे महाभाग पुष्कळ; त्यांचे पाहून शिकू नये, कारण सारा भार ब्रेकवर पडतो आणि ड्रम तापला की तो धरीनासा होतो. आतले गावरस्ते अंगवळणी पडल्यावर कुडाळ-मालवण रस्ता, तोही सकाळी लौकर. तारकर्ली-देवबागचा अरुंद रस्ता सुटीच्या दिवशी पर्यटकांच्या मोटारींनी भरतो, तो टाळावा. पूर्वीचा सतरा नंबरचा आणि आता सहासष्टचा चौपदरी महामार्ग पहिला महिनाभर नकोच.

जूनच्या पहिल्या सरीत तर गाडी बाहेर काढू नका. रस्त्यावर साचलेले तेल आणि तांबडी माती एकत्र होऊन जे लोणी तयार होते, त्यावर जुने स्वारही घसरतात. पुढे सावलीतल्या रस्त्यांवर शेवाळ धरते, ते दिवाळीपर्यंत पुरते जात नाही.

आईचा प्रश्न राहिलाच. वाडीतून एस.टी. दिवसाकाठी मोजक्या वेळा जाते. ती चुकली की दवाखाना, बँक, बाजार सारे उद्यावर. कायम गावी राहणाऱ्या बायकांना याची झळ अधिक, आणि गाडी मात्र घरातल्या पुरुषाच्या नावाची. चिरंजीव शिकत असताना त्याच गाडीवर, त्याच मैदानात, संध्याकाळी अर्धा तास आईनेही बसावे. पदर किंवा ओढणी कमरेला घट्ट खोचलेली, पायात चपलेऐवजी बंद बूट, डोक्याला आय.एस.आय. शिक्क्याचे हेल्मेट. कायद्याने प्रत्येक मोटारसायकलला मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी असावीच लागते. शोभा जाते म्हणून ती काढून ठेवलेली असेल तर आधी ती बसवून घ्या. सायकल येणाऱ्या चाळिशीच्या बाईला तोल शिकवावा लागत नाही. फक्त क्लच शिकवावा लागतो आणि शेजारच्या गडग्यावर बसून हसणाऱ्या पोरांना दटावावे लागते.

परवाना हाती आला की ती गाडी विकायची घाई करू नये. विकून फारसे येत नाही, आणि पुढच्या मे महिन्यात धाकटी असतेच. जाताना टाकी रिकामी करा, बॅटरी सोडवून घरात ठेवा, साखळीला तेल द्या, मधल्या स्टँडवर उभी करा, आणि गोणपाटाऐवजी हवा खेळेल असे जुने लुगडे पांघरा. गोणपाट ओल धरते.