मुक्कामाची निवड : जळगाव, फर्दापूर की धुळे?

गेल्या लेखांकात टोकियोचा विचार करताना आपण पाहिले की, यामानोते या वर्तुळाकार लोहमार्गावरील एखाद्या स्थानकापासून पायी गाठता येईल अशी खोली मिळाली, म्हणजे त्या अफाट नगरीत उएनो पसंत करावे की शिंजुकू, हा प्रश्न बराचसा गौण ठरतो. नारिताचा विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर असला, तरी केवळ तेवढ्यासाठी कोणी त्याच्या शेजारी बिऱ्हाड मांडीत नाही, कारण गाड्यांचा भरवसा तेथे पक्का असतो. योगायोग असा की, आमच्या जळगाव स्थानकापासून अजिंठ्याची लेणीही जवळजवळ तितक्याच अंतरावर आहेत. परंतु टोकियोचा दाखला येथे जसाच्या तसा लागू करू पाहणाऱ्या प्रवाशाची मात्र हमखास फसगत होते.

मुंबईहून सुमारे ४२० किलोमीटरचा प्रवास करून रात्रीच्या गाडीने येणारा पाहुणा पहाटेच्या सुमारास जळगावास उतरतो. हावड्याकडे जाणारा मुख्य मार्ग आणि सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून येणारा फाटा येथे एकत्र मिळत असल्यामुळे गाड्यांची ददात नाही, स्थानकाच्या आसपास साध्या लॉजपासून बऱ्यापैकी हॉटेलांपर्यंत सोयही मुबलक आहे, आणि हिवाळ्यात आले तर वांग्याचे भरीत व कळण्याची भाकरी हा स्वतंत्र लाभ. अडचण पुढेच सुरू होते. नेरी, पहूर करीत एस. टी. फर्दापूरच्या फाट्यावर पोहोचेपर्यंत दीडदोन तास जातात. तेथे खाजगी वाहने अडविली जातात आणि उरलेले सुमारे चार किलोमीटर महामंडळाच्या बसनेच काटावे लागतात. म्हणजे पहाटे उतरून, आंघोळ आटोपून निघालेला मनुष्यही लेण्यांच्या पायऱ्या चढू लागतो तेव्हा ऊन चांगलेच वर आलेले असते.

अजिंठ्याचे दार जळगाव का, याचे उत्तर जुन्या दप्तरात आहे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर खानदेश कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला, पण अजिंठ्याचा डोंगर निजामाच्या मुलखातच राहिला. पुढे लोहमार्ग आला तो खानदेशातून. त्यामुळे गाडीतून उतरावयाचे इंग्रजी हद्दीत आणि चित्रे पाहावयाची निजामाच्या, असा प्रकार कित्येक वर्षे चालला. आजही फर्दापूर हे सोयगाव तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडते. आम्ही खानदेशी लोक अजिंठ्याला मनाने आपलेच मानतो, सरकारी कागद काहीही म्हणोत.

ज्यांनी ही चित्रे खरोखर पाहिली, ते कोठे राहिले हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली खरी, पण तो शिकारीसाठी आलेला पाहुणा. पुढे रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने चित्रांच्या प्रतिकृती काढण्याचे काम अंगावर घेतले आणि घाटमाथ्यावरील अजिंठा गावातील बारादरीत वर्षानुवर्षे मुक्काम केला. (अजिंठा गाव निराळे आणि लेणी निराळी, दोहोंत दहाबारा किलोमीटरचे अंतर आहे, आणि नावावर विसंबून गावातच उतरणारे प्रवासी अद्यापि आढळतात.) गिलच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या, गिल स्वतः १८७९ साली वारला आणि भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत चिरविश्रांती घेत आहे. १९०९ नंतरच्या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृति तरुण चित्रकारांना बरोबर घेऊन हेच काम पुन्हा आरंभिले, तेव्हा तळ दिला तो फर्दापुरास. त्यांच्यामागून अराई काम्पो हा जपानी चित्रकार आला; त्याच्या चमूने उतरविलेल्या प्रतिकृती टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या, त्या १९२३ च्या महाभूकंपात जळाल्या. जपानचे या स्थळाशी नाते मात्र त्यामुळे तुटले नाही. १९९२ पासून जपान सरकारच्या कर्जसाहाय्याने अजिंठा-वेरूळच्या जतनाची व पर्यटनसोयींची कामे झाली आहेत.

एक, दोन, सोळा आणि सतरा या क्रमांकांच्या लेण्यांतील चित्रे मंद दिव्यांच्या प्रकाशात पाहावी लागतात. बाहेरच्या लखलखाटातून आलेले डोळे त्या अंधाराशी जुळवून घेईपर्यंत मागची मंडळी ढकलू लागतात. यास्तव सकाळी नऊच्या सुमारास दार उघडताच पहिल्या काही माणसांत आपण असणे, हाच या प्रवासातील सर्वांत मोठा लाभ होय, आणि तो फर्दापुरास रात्र काढणाऱ्यालाच सहजी साधतो. तेथे पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, मोगल काळातील सराईचे अवशेष आहेत, वाघूर नदीही दूर नाही. संध्याकाळी करमणूक म्हणाल तर काहीही नाही. संभाजीनगरास उतरून शंभर किलोमीटरची ये-जा एका दिवसात उरकणाऱ्यांचा मार्ग आम्हांस पसंत नाही. ज्यांना वेरूळही पाहावयाचे आहे त्यांनी अजिंठा आटोपल्यावरच मुक्काम तिकडे हलवावा.

धुळ्याचा उल्लेख अनेकजण याच प्रसंगी करतात, कारण मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग तेथे एकमेकांस छेदतात. अजिंठ्यासाठी धुळे सोयीचे नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. चाळीसगावहून आलेला ५६ किलोमीटरचा लोहमार्ग तेथे येऊन थांबतो. परंतु ज्याला पांझरेच्या काठी कॅप्टन ब्रिग्जने आखलेली सरळ रस्त्यांची पेठ पाहावयाची आहे, राजवाडे संशोधन मंडळातील कागदपत्रे चाळावयाची आहेत, अथवा शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ वाग्देवता मंदिरात जमविलेल्या रामदासी हस्तलिखितांचे दर्शन घ्यावयाचे आहे, त्याने धुळ्यास दोन रात्री खुशाल राहावे. अशा मुक्कामात घाई नसते आणि संशोधकाला महामार्गाचा गलबलाही बाधत नाही.

तेव्हा आमचा कौल असा : पहिली रात्र गाडीत, दिवसभर जळगावास विसावा, दुसरी रात्र फर्दापुरास आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लेणी. एप्रिल-मे हे महिने टाळावेत. जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा ४५ अंशांपलीकडे जातो. आणि खोली राखून ठेवण्यापूर्वी वार अवश्य पाहावा : अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी.