भित्तिपत्रककला, सोव्हिएट

ऑक्टोबर क्रांतीनंतर (१९१७) रशियातील नव्या राजवटीने आपली धोरणे व युद्धवार्ता जनतेपर्यंत पोहोचविण्यासाठी भित्तिपत्रकाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. खेड्यांतील बहुसंख्य लोक निरक्षर होते आणि यादवी युद्धामुळे कागद, शाई व छपाईची साधने दुर्मिळ झाली होती. या अडचणींतूनच या कलेचे रूप घडले : दोन-तीन सपाट रंग, ठळक बाह्यरेषा आणि मोजके शब्द. लुबोक ही जुनी लोकमुद्राचित्रे रशियन खेडुतांच्या परिचयाची होती. त्यांचाही आधार चित्रकारांनी घेतला. १९१९ मध्ये ‘रोस्टा’ या सरकारी वृत्तसंस्थेने मॉस्कोतील रिकाम्या दुकानांच्या दर्शनी काचांमागे चित्रवार्तापत्रे लावण्यास आरंभ केला. ही कल्पना चित्रकार मिखाईल चेरेम्निख याची. कवी व्लादिमीर मायकॉव्हस्की लवकरच त्यास येऊन मिळाला. पुठ्ठ्यात आकृती कापून केलेल्या साच्यांवरून हाताने रंग भरून प्रती काढीत व त्या अन्य शहरांतही पाठवीत.

चित्रभाषा सांकेतिक होती. भांडवलदार लठ्ठ व उंच टोपी घातलेला, तर कामगार लाल रंगात, धिप्पाड. एल लिसिट्स्कीने मनुष्याकृतीही वगळली व पांढऱ्या वर्तुळात घुसणाऱ्या लाल पाचरीने यादवी युद्धाचा आशय मांडला. समीक्षकांनी गौरविलेले हे चित्र खेडुतांना कितपत उमगले असेल, ही शंकाच आहे. दिमित्री मूर (१८८३–१९४६) याचा, पाहणाऱ्याकडे बोट रोखून सैन्यभरतीविषयी जाब विचारणारा लाल सैनिक (१९२०) मात्र कोणालाही समजणारा होता. ब्रिटनमधील किचनरच्या १९१४ च्या चित्रातही हीच युक्ती आढळते.

मूरचे श्रेष्ठ चित्र निराळेच आहे. व्होल्गा खोऱ्यातील दुष्काळात (१९२१) त्याने काळ्या पार्श्वभूमीवर हात उंचावलेला अस्थिपंजर वृद्ध शेतकरी आणि त्याच्यामागे मोडलेले कणीस रेखाटले. खाली मदतीची याचना करणारा एकच शब्द. आपल्या राज्यात लोक उपाशी मरत आहेत, हे शासन तेव्हा भिंतीवर लावू देत होते. १९३१ च्या पक्षादेशाने भित्तिपत्रकांचे प्रकाशन केंद्रीय नियंत्रणाखाली आले. १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तान आदी प्रदेशांत लाखो माणसे दुष्काळाने दगावली. भिंतींवर मात्र ट्रॅक्टर व हसतमुख शेतकरी स्त्रिया झळकत होत्या. छायाचित्रांच्या जुळणीतून पंचवार्षिक योजनेचा गौरव करणारा गुस्टाव्ह क्लुत्सिस यास १९३८ मध्ये त्याच राजवटीने गोळ्या घातल्या.

भुकेचे चित्र सत्तेला सोसवत नाही, याचा प्रत्यय हिंदुस्थानातही आला. कम्युनिस्ट पक्षाचे चित्रकार चित्तप्रसाद (१९१५–७८) यांनी मिदनापूर जिल्ह्यात हिंडून केलेल्या दुष्काळचित्रांचे हंग्री बेंगॉल (१९४३) हे पुस्तक ब्रिटिश सरकारने जप्त केले व त्याच्या जवळजवळ सर्व प्रती नष्ट केल्या. पुढे ते मुंबईस येऊन अंधेरीत राहिले. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनचे नगारावादकाचे बोधचिन्ह त्यांचेच. मुंबईच्या कामगारवस्त्यांत निरक्षर श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याचे कार्य अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांचे कलापथक पोवाड्यांद्वारे करीत होते. चित्तप्रसादांनी त्यासाठी लिनोलियमवरील कोरीव ठसा पत्करला. त्यास छापखाना लागत नाही. १९४८ नंतर पक्षाचे धोरण बदलले व ते पक्षकार्यापासून दूर झाले, तरी काबाडकष्ट करणाऱ्या मुलांची लिनोचित्रे ते कोरीतच राहिले. त्यांचा संग्रह डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने १९६९ मध्ये प्रकाशित केला.